तटस्थ मत छेदात नको, नोंदीत हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

संस्थेचे सभासद १२०. सभेला हजर ७२. ठरावाच्या बाजूने ३८, विरोधात १८, तटस्थ १६. संस्थेच्या घटनेत एवढेच लिहिलेले, की असा ठराव ‘दोन-तृतीयांश बहुमताने’ मंजूर व्हावा. ठराव मंजूर झाला का?

सांगता येत नाही. दोन-तृतीयांश, पण कशाचे, हे घटनेने सांगितलेलेच नाही. होकार आणि नकार मिळून ५६ मते. त्यांचे दोन-तृतीयांश ३७.३३, म्हणजे ३८ हवीत आणि नेमकी ३८ पडली आहेत. ठराव मंजूर. हजर असलेल्या ७२ जणांचे दोन-तृतीयांश धरले तर ४८ हवीत. दहा मते कमी, ठराव नामंजूर. एकूण १२० सभासदांचे धरले तर ८० हवीत. मग सभेतल्या सगळ्याच्या सगळ्या ७२ जणांनी हात वर केले असते तरी ठराव पडलाच असता. माणसे तीच, मते तीच, निकाल मात्र छेदात कोणती संख्या घेतली त्यावर फिरतो. आणि हा छेद ठरवायची वेळ बहुतेक संस्थांत मते मोजून झाल्यावर येते, जेव्हा कोणता अर्थ कोणाच्या सोयीचा आहे हे सभागृहातल्या प्रत्येकाला कळलेले असते. भांडण तिथे सुरू होते आणि पुष्कळदा कोर्टात संपते.

आमचे म्हणणे असे: तटस्थ मत गणपूर्तीत, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीत, धरावे, इतिवृत्तात आकड्यानिशी नोंदवावे, पण बहुमत काढताना छेदात धरू नये. थोड्या लोकांनी मोठा निर्णय घेऊन टाकू नये अशी भीती असेल, आणि ती रास्त आहे, तर त्यासाठी किमान होकारांची वेगळी अट घालावी. तटस्थांच्या मतांचा गुपचूप नकार करून ती भीती घालवू नये.

‘हजर असलेल्यांचे बहुमत’ हा शब्दप्रयोग वाचायला निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे सभासदाला नकार देण्याचे दोन मार्ग मिळतात आणि तटस्थ राहण्याचा एकही उरत नाही. छेद हजेरीचा असला की तटस्थाचे मत होकारात जात नाही पण छेद मात्र वाढवते; परिणाम नकाराइतकाच. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इटलीच्या संसदेत होते. त्या देशाच्या राज्यघटनेचे ६४ वे कलम दोन्ही सभागृहांना ‘उपस्थितांचे बहुमत’ एवढेच सांगते. कनिष्ठ सभागृहाने आपल्या नियमांत उपस्थित म्हणजे होकार किंवा नकार देणारा असा अर्थ लावला. सिनेटने तटस्थालाही उपस्थितांत धरले, त्यामुळे तिथे तटस्थ मत हे विरोधी मत ठरत असे. खरोखर तटस्थ राहू इच्छिणाऱ्या सिनेटरला सभागृह सोडून बाहेर जावे लागे. सिनेटने हा नियम बदलला तो थेट डिसेंबर २०१७ मध्ये.

मोठ्या संसदेत चार माणसे बाहेर गेली तर फारसे बिघडत नाही. सात जणांच्या कार्यकारिणीत तेच घडले तर गणपूर्ती मोडते. शिवाय लहान समितीत याहून गंभीर गोष्ट होते. समजा, सातपैकी दोघांचा विषयात हितसंबंध आहे, म्हणून ते नियमाप्रमाणे मत देत नाहीत. उरलेल्या पाचांत तीन होकार, दोन नकार. हजर सातांचे बहुमत चार, म्हणजे ठराव पडला. तो कोणी पाडला? ज्या दोघांनी निर्णयापासून लांब राहायचे होते, त्यांच्याच गप्प बसण्याने. हितसंबंध असलेल्याने मत देऊ नये हा नियम आणि हजेरीचा छेद या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे उपविधी लिहिणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. अशा सदस्यांना त्या विषयापुरते गणपूर्तीतही धरू नये, असे आमचे मत आहे. सातांच्या समितीची गणपूर्ती चार असेल तर उरलेले पाच पुरतात. चार किंवा अधिक जणांचा हितसंबंध निघाला तर तो विषय समितीचा राहतच नाही, तो सर्वसाधारण सभेकडे गेला पाहिजे.

ज्या संस्थांनी हा प्रश्न नीट हाताळला आहे त्यांचे शब्द पाहण्यासारखे आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा ८६ वा नियम सांगतो, की ‘उपस्थित व मतदान करणारे सदस्य’ म्हणजे होकारार्थी किंवा नकारार्थी मत देणारे. तटस्थ राहणारे मतदान न करणारे समजावेत. २ मार्च २०२२ रोजी युक्रेनविषयीच्या ठरावावर १४१ होकार, ५ नकार आणि ३५ तटस्थ अशी नोंद झाली. दोन-तृतीयांश मोजायचे ते १४६ चे, १८१ चे नव्हे. आपल्या कंपनी कायद्याचे, म्हणजे २०१३ च्या कायद्याचे, ११४ वे कलम याहून सोपे आहे. साध्या ठरावाला होकार नकारांपेक्षा जास्त हवेत आणि विशेष ठरावाला होकार नकारांच्या किमान तिप्पट हवेत. यात छेदच नाही. दोन संख्या शेजारी ठेवायच्या आणि तुलना करायची. तटस्थ मत कुठे शिरायला जागाच उरत नाही. नव्याने घटना लिहिणाऱ्या संस्थेने हीच शब्दरचना उचलावी. दोन-तृतीयांश म्हणायचे असेल तर ‘होकार नकारांच्या किमान दुप्पट’ असे लिहावे. यातला ‘किमान’ शब्दही सोडू नये: वरच्या उदाहरणात तटस्थांपैकी एकाने नकार दिला असता तर ३८ विरुद्ध १९, बरोबर दुप्पट. ‘किमान दुप्पट’ असेल तर मंजूर, ‘दुपटीहून अधिक’ असेल तर नामंजूर.

आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या ‘आयएसओ’ या संस्थेत मसुदा मंजूर व्हायला मत देणाऱ्या सहभागी सदस्यांपैकी दोन-तृतीयांशांचा होकार लागतो आणि एकूण मतांत नकार एक-चतुर्थांशाहून जास्त असून चालत नाहीत. दोन्ही हिशेबांतून तटस्थ मते वगळतात. इतकेच नव्हे, तांत्रिक कारण न देता नोंदवलेला नकारही वगळतात.

याउलट मुद्दाम वेगळा मार्ग धरणाऱ्या संस्थाही आहेत, आणि सगळ्या चुकीच्या नाहीत. सुरक्षा परिषदेत १५ पैकी ९ होकार हवेत, हा ठरलेला आकडा आहे. १७ मार्च २०११ चा लिबियाविषयीचा १९७३ क्रमांकाचा ठराव १० होकार, ५ तटस्थ आणि शून्य नकार असा मंजूर झाला. आणखी दोघे तटस्थ राहिले असते तर एकानेही विरोध न करता तो पडला असता. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत पात्र बहुमताला ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या लागते. तिथे तटस्थता नकारासारखीच काम करते. पण तिथेच एकमताची अट असेल तर तटस्थ राहिल्याने एकमत मोडत नाही. म्हणजे एकाच सभागृहात तटस्थ राहण्याचे दोन अगदी उलट परिणाम. हे चालते कारण तिथे बसणाऱ्यांना ते तोंडपाठ आहे. वर्षातून एकदा सभेला येणाऱ्या सभासदाकडून ती अपेक्षा करता येत नाही.

आपल्या राज्यघटनेच्या ३६८ व्या कलमाने दुहेरी अट घातली आहे: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे किमान दोन-तृतीयांश. पहिली अट सांगते, पाठिंबा पुरेसा व्यापक आहे. दुसरी सांगते, मत देणाऱ्यांत तो पुरेसा ठाम आहे. दोन वेगळ्या चिंता, दोन वेगळ्या कसोट्या. संस्थांनी घेण्याजोगी कल्पना हीच आहे. फक्त पहिल्या अटीची पातळी संस्थेच्या कुवतीप्रमाणे खाली आणायला हवी.

ती का हवी, आणि तिच्याऐवजी गणपूर्ती का पुरत नाही, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. पुन्हा १२० सभासद घ्या. गणपूर्ती निम्म्यांची, म्हणजे ६०. ठरावाच्या बाजूचे ४० जण आले, विरोधातले १९ आले. एकूण ५९. सभा तहकूब, ठराव झाला नाही. आता विरोधातला आणखी एक जण आला असता तर? ६० झाले, गणपूर्ती झाली आणि ठराव ४० विरुद्ध २० असा मंजूर झाला. म्हणजे विसाव्या विरोधकाने येऊन नकार दिल्यामुळेच ठराव मंजूर होतो. तो घरी थांबला तर पडतो. जो नियम प्रामाणिकपणे येऊन नकार देणाऱ्याला शिक्षा करतो आणि गैरहजर राहणाऱ्याला बक्षीस देतो, त्याच्यावर विरोधक दुसरे काय करणार? ते सभेलाच येत नाहीत. इटलीत जुना कायदा रद्द करण्याच्या सार्वमताला निम्म्याहून अधिक मतदारांनी मतदान करण्याची अट आहे, आणि तिथे विरोधकांचा प्रचार कित्येकदा ‘नकार द्या’ असा नसून ‘मतदानाला जाऊच नका’ असा असतो. शिवाय गुप्त मतदानही गुप्त राहत नाही: जो आला तो होकार द्यायलाच आला, हे बघणाऱ्याला कळते.

किमान होकारांची अट हा दोष काढून टाकते. समजा नियम असा: होकार नकारांपेक्षा जास्त हवेत, आणि होकार एकूण सभासदांच्या किमान एक-चतुर्थांश, म्हणजे ३०, हवेत. आता विरोधक १९ आले काय, २० आले काय किंवा कोणीच आले नाही काय, ४० होकारांची कसोटी तीच राहते. नकार देण्याने ठरावाला कधीच मदत होत नाही. तटस्थालाही खऱ्या अर्थाने तटस्थ राहता येते. तो आला तरी आणि गेला तरी दोन्ही अटींवर परिणाम शून्य. पहिल्या उदाहरणातला ३८-१८-१६ चा ठराव या नियमात निःसंशय मंजूर होतो.

पातळी किती ठेवायची यात मात्र घाई करू नये. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडच्या सार्वमतात ५१.६ टक्के मते होकाराची पडली, पण एकूण मतदारांच्या ४० टक्के होकाराची अट होती आणि तो आकडा ३२.९ टक्के भरला. प्रस्ताव बारगळला. यादीत मृत आणि दोनदा नोंदलेली नावे किती, यावरूनही तेव्हा वाद झाला, आणि तो होणारच: एकूण संख्या अटीत आली की यादीतले प्रत्येक शिळे नाव म्हणजे एक कायमचा अडथळा. बर्लिनमध्ये अट एक-चतुर्थांशाची आहे. मार्च २०२३ च्या हवामानविषयक सार्वमतात होकार थोडे जास्त असूनही ती पुरी झाली नाही. आमच्या मते दोन-तीनशे सभासदांपर्यंतच्या संस्थेला साध्या ठरावासाठी एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश आणि घटनादुरुस्तीसाठी एक-तृतीयांश होकार योग्य. हजारोंच्या संस्थेत ही प्रमाणे गाठता येत नाहीत. डेबियन या संगणकप्रणाली घडवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेने त्यावर सुबक तोड काढली आहे: सदस्यसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपट मते. सदस्य ९०० असतील तर वर्गमूळ ३०, अट ४५ ची. आणि ही अट हजेरीवर नाही. प्रत्येक पर्यायाला ‘यापैकी काहीही नको’ यापेक्षा पसंत करणारे तेवढे सदस्य आहेत का, हे पाहिले जाते.

मतच न देणाऱ्याला नकार समजणे हा याच चुकीचा टोकाचा प्रकार. अमेरिकेत रेल्वे आणि विमान कंपन्यांतल्या कामगार संघटनांना मान्यता देण्याच्या मतदानात २०१० पर्यंत तसेच होते. रजेवर असलेला, आजारी, पत्रच न मिळालेला, सगळे विरोधात. तिथल्या राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाने १ जुलै २०१० पासून पडलेल्या मतांचे बहुमत हा नियम लागू केला. याच्या उलट, ‘मुदतीत उत्तर आले नाही तर संमती समजू’ हा ईमेलवरच्या ठरावांत बोकाळलेला प्रकारही तितकाच वाईट आहे. मौन हे ना होकार, ना नकार.

निवडणुकीत हा प्रश्न थोडा निराळा होतो. एका जागेसाठी तिघे उभे असतील तर ‘तटस्थ’ आणि ‘यांपैकी कोणीही नको’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला म्हणतो, तुम्ही ठरवा. दुसरा म्हणतो, पुन्हा अर्ज मागवा. दोघांना एकाच चौकटीत कोंबणे अन्याय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर मतदानयंत्रावर ‘नोटा’ आले, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालचा उमेदवारच निवडून येतो. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी फेरनिवडणुकीची तरतूद केली. संस्थांनी दुसरा मार्ग धरावा, मात्र फेरनिवडणूक एकदाच, आणि तोवर जुनी कार्यकारिणी फक्त दैनंदिन कामकाज पाहील, हे आधीच लिहून ठेवावे. ते लिहिले नसेल तर जुनी कार्यकारिणी मुदत संपल्यावरही बसून राहण्यासाठी नोटाचा प्रचार करू शकते.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत तटस्थता लपून येते. १०० मतपत्रिका, पहिल्या पसंतीची मते ४०, ३५ आणि २५. तिसरा उमेदवार बाद झाला. त्याच्या २५ पैकी १० जणांनी दुसरी पसंती दुसऱ्या उमेदवाराला दिली, १५ जणांनी पुढे काही लिहिलेच नाही. आता ४५ विरुद्ध ४०. पंचेचाळीस हे उरलेल्या ८५ चे बहुमत आहे, १०० चे नाही. नियमात ‘त्या फेरीत उरलेल्या मतांचे बहुमत’ असे शब्द नसतील तर हरलेला उमेदवार हरकत घेईल, आणि त्याची हरकत चुकीची म्हणता येणार नाही. गुण देण्याच्या पद्धतीत धोका याहून मोठा. दहापैकी गुण द्यायचे आहेत. एकाला ६० जणांनी सरासरी ७ दिले, दुसऱ्याला फक्त सहा जणांनी, तेही त्याच्या मित्रांनी, सरासरी ९ दिले. कोरी जागा वगळून सरासरी काढली तर दुसरा जिंकला. कोरी जागा शून्य धरली तर ४२० विरुद्ध ५४. आम्ही बेरजेच्या बाजूचे आहोत. सरासरीच हवी असेल तर किमान निम्म्या मतदारांनी गुण दिलेल्या उमेदवारांचीच काढावी.

आता मोजणीच्या टेबलावरचे. मतपत्रिकेवर होकार, नकार, तटस्थ अशा तीन चौकटी छापाव्यात आणि खाली एक ओळ असावी: ‘तटस्थ मत निकालाच्या हिशेबात धरले जाणार नाही.’ ही ओळ नसेल तर काही जण ठराव अडवण्यासाठी तटस्थ राहतात आणि निकालानंतर फसवले गेल्याची त्यांची तक्रार असते. कोरी मतपत्रिका तटस्थांत मोजावी, दोन चौकटींत खूण केलेली बाद. तटस्थ आणि बाद दोन्ही छेदाबाहेर असल्याने या वर्गीकरणावरून निकाल बदलत नाही, आणि मोजणी करणाऱ्यांवरचा मोठा ताण जातो. ‘टाकलेल्या मतांचे बहुमत’ असा मोघम नियम असेल तर मात्र प्रत्येक कोऱ्या चिठ्ठीवर वाद होतो.

मोजल्यावर ताळा घ्यावा. वाटलेल्या मतपत्रिका ७२ असतील तर होकार, नकार, तटस्थ, बाद आणि परत न आलेल्या यांची बेरीज ७२ भरली पाहिजे. हात वर करून मतदान असेल तर तटस्थांनाही हात वर करायला सांगावे. अध्यक्ष बहुतेक वेळा ‘बाजूने कोण, विरोधात कोण’ एवढेच विचारतात आणि उरलेले वजाबाकीने काढतात. त्या वजाबाकीत चहाला बाहेर गेलेलाही तटस्थ ठरतो. हजेरी सभेच्या सुरुवातीला घेतलेली असते, मतदान दोन तासांनी होते. म्हणून मतदानाआधी दार बंद करून डोकी पुन्हा मोजावीत.

ऑनलाइन मतदानात कोणताही पर्याय आधीपासून निवडलेला नसावा. ज्याने मतपत्रिका उघडलीच नाही तो गैरहजर, ज्याने ‘तटस्थ’ दाबले तो तटस्थ. एकाच वेळी पाच ठराव मताला टाकले असतील तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवावा. चौथ्या ठरावावर काहीच न दाबणारा पाचव्यावर मतदार असू शकतो. मते समान पडली, समजा २८-२८-१६, तर अध्यक्षांचे निर्णायक मत घटनेने दिलेले असेल तरच वापरावे, नाहीतर ठराव पडला असे समजावे.

तटस्थांचा आकडा मोठा आला तर ठराव आपोआप पुढे ढकलावा, अशी सूचना काही जण करतात. ती आम्हाला पटत नाही. त्यामुळे तटस्थता पुन्हा अडवण्याचे हत्यार होते. माहिती अपुरी वाटत असेल तर मुख्य मतदानाआधी ‘हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब करावा’ ही सूचना मांडावी आणि तिच्यावर साध्या बहुमताने निर्णय घ्यावा. सोळा तटस्थ मते ही मात्र कार्यकारिणीला मिळालेली माहिती आहे, म्हणून इतिवृत्तात ‘बहुमताने मंजूर’ एवढ्यावर थांबू नये. ‘यादीवर १२०, हजर ७२, होकार ३८, नकार १८, तटस्थ १६, बाद ०, नियम: होकार नकारांच्या किमान दुप्पट आणि किमान ४०’ असे लिहावे. घटनादुरुस्तीची एक-तृतीयांशाची अट लावली तर हा ठराव दोन मतांनी पडतो, आणि का पडला ते वाचणाऱ्याला एका ओळीत कळते.

ज्या संस्थांना हा बदल करायचा आहे त्यांनी तो एखादा वादाचा ठराव तोंडावर असताना आणू नये. दुरुस्ती जुन्या नियमाने, जुन्याच छेदाने मंजूर करून घ्यावी, आणि ती पुढच्या सभेपासून लागू होईल असे त्याच ठरावात लिहावे.

आपले,
संस्थांच्या सभा व निवडणुकांच्या मतमोजणीचे काम पाहणारे काही वाचक